मी तुरुंगात घातलेला पाटकरी

तुम्ही कधी कुणाला तुरुंगात घातलंय का?

नाही म्हणायची घाई करू नका. मीही नाहीच म्हणत होते. मी तर लोकांना सोडवणारी बाई. इस्लामपुरात एसटी स्टँडच्या मागं पत्र्याच्या खोलीत माझं टेबल आहे आणि वर ‘मोफत कायदा मदत’ अशी पाटी आहे. शाळा नववीत सुटली. कायदा शिकले तो कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून, वकिलांच्या हातातल्या कागदांत डोकावून. बापानं नाव क्रांती ठेवलं आणि ते नाव राखायचं म्हणून मी जन्मभर भांडत आले. त्या भांडणात एक माणूस आत गेला. निकालावर सही न्यायाधीशाची, दंडाला हात पोलिसाचा. पण घातला मी.

त्याचं नाव आकाराम. गावाचं नाव लिहीत नाही. कराडहून इस्लामपूरकडं येताना कृष्णाकाठी उसात बुडालेली गावं लागतात, त्यातलं एक धरा. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचा तो पाटकरी. संस्था नदीतून पाणी उचलते, ते पाइपानं रानोरान जातं आणि जागोजाग सिमेंटच्या चेंबरात व्हॉल बसवलेले असतात. कुणाच्या रानाला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे पाटकरी ठरवतो. म्हणजे नियमानं ठरलेलंच असतं, पण नियम पाळून घ्यायला माणूस लागतो. दोनशे बारा सभासदांची पाळी आकारामच्या डोक्यात होती. मधेच दोन तास वीज गेली तर ते दोन तास कुणाचे बुडाले आणि कुठल्या दिवशी भरून द्यायचे, हे तो सायकलवरून उतरायच्या आधी सांगायचा. पाइपाला कान लावून हवा कुठं अडकली ते ओळखायचा.

आणि तोंडाचा फटकळ. पलटणीतून रिटायर होऊन आलेले एक सुभेदार एकदा त्याला म्हणाले, “आकाराम, आमचं जरा आधी सोड. आमी देशासाठी सीमेवर हुबं हुतो.”

“मग तर तुमास्नी सवय हाय,” आकाराम म्हणाला. “आनखी चार दिवस हितं हुबं ऱ्हावा.”

सुभेदारांनीच ही गोष्ट मला हसत सांगितली होती. संस्थेचे चेअरमन भाऊसोसुद्धा पाळीशिवाय पाण्याला हात लावत नसत. अशा माणसाला गावात मान असतो आणि त्याच्यावर राग पण असतो. दोन्ही एकाच मापाचे.

आठ वर्षांपूर्वीचा वैशाख. ट्रान्सफॉर्मर जळाला, तीन दिवस मोटारी बंद. चौथ्या दिवशी वीज आली तेव्हा सगळ्यांचे ऊस माना टाकून उभे. जिनदत्त अण्णा म्हणून एक शेतकरी आहेत, चार एकर रान, घरात ते आणि त्यांची बायको शालनअक्का. शांत माणूस. त्यांची पाळी त्या तीन दिवसांत बुडाली होती आणि आकारामनं ती पुढच्या आठवड्यात धरली होती. जिनदत्त अण्णांनी स्वतःच जाऊन व्हॉल फिरवला. आकाराम धावत आला. अण्णांच्या तोंडून गेलं, “तू संस्थेचा नोकर हाईस, पाण्याचा मालक न्हाईस,” आणि पुढं आईवरनं एक शिवी. आकारामनं त्यांना ढकललं. एकदाच. ते मागच्या मागं चेंबरच्या कठड्यावर पडले आणि उजव्या हाताचं कोपर दोन ठिकाणी मोडलं.

आकारामनंच त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. मागं धरायला दुसरा एक जण. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, जबाब झाला, गुन्हा नोंदला गेला. गंभीर दुखापत. जामीन त्याच दिवशी झाला, काम चालू राहिलं, आणि आठवड्यानं आकाराम बायकोला, बनुबाईला घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसला.

“ताई, माझ्या हातनं चूक झालीया,” हे त्याचं पहिलं वाक्य. ते मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, “शिवी दिली का नाही त्यांनी?” म्हणाला, “दिली.” मी म्हटलं, “बास. आता तू गप, मी बोलते.”

त्यानंतर पाच वर्षं मी बोलत होते.

आता खरी गोष्ट. जैन समाजात पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडं जाऊन हात जोडायचे, माफी मागायची, माफ करायचं. मी त्या दिवशी आकारामच्या घरी होते, साक्षीदारांची नावं लिहून घेत. सकाळचे दहा वाजले असतील. जिनदत्त अण्णा आणि शालनअक्का अंगणात येऊन उभे राहिले. अण्णांनी हात जोडायला घेतले. उजवा हात वर येईना, कोपरात आखडलेला. मग त्यांनी डावाच छातीला लावला.

“आकाराम, मी तुला आईवरनं बोललो. चुकलं माझं. क्षमा कर.”

आकाराम उठून उभा राहिला. बनुबाई आत पाणी आणायला वळली.

“आनि एक इचारायचं हाय,” अण्णा म्हणाले. “हात असा झाला. ऊस भरणीला आलाय, मला दारं धरता येत न्हाईत. तू एक हंगाम माझ्या रानात दारं धर. तुझं काम आटपल्यावर, दोन-दोन तास. गावाला दिसू दे की आकारामनं केलं आनि आकारामनंच भरलं. मग आपण दोगं कोर्टात जाऊ आनि मिटलं म्हणून सांगू. वकील म्हणतोय, कोर्ट ऐकतंय.”

दारं धरणं म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. खोऱ्यानं माती ओढून पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं काम. आकाराम ते झोपेत पण करेल.

त्याच्या तोंडावर ‘हो’ आलेलं मी बघितलं. आठ वर्षं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून हललेलं नाही. तो बोलायच्या आधी मी बोलले.

“एक हंगाम फुकट राबायचं? याला वेठ म्हणतात, अण्णा! ते दिवस गेले. शिवी तुमी देणार आणि वर गडी पण तुमालाच पाहिजे?”

“बाई, मी गडी मागत न्हाई...”

“उद्या म्हणाल पायताण डोक्यावर घेऊन गावातनं फिर. केस पडणार हे तुमच्या वकिलानं सांगितलं असंल, म्हणून आलाय हात जोडायला. चला, निघा. जे काय व्हायचं ते कोर्टात हुईल.”

शालनअक्का माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, “तुमच्याकडं नव्हतो आलो वो आमी.” आणि दोघं गेले. बनुबाई तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा अंगणात कुणी नव्हतं.

मी असं का केलं? त्याच महिन्यात मी एका रस्त्याच्या केसमध्ये बड्या बागायतदाराला नमवलं होतं, पेपरात फोटो आला होता. मला आणखी एक जिंकायची होती. संस्थेतल्या मोठ्या शेतकऱ्यांना एकदा दाखवून द्यायचं होतं. आणि जिनदत्त अण्णा चार एकरांचे धनी, ते कसले मोठे? पण माझ्या डोक्यात त्या दिवशी सगळे सभासद एकाच पारड्यात होते. क्षमावाणी काय असते हे मला माहीत होतं, अख्खं आयुष्य सांगली जिल्ह्यात गेलंय. तरी मला त्यात डाव दिसला. माणूस दारात येऊन हात जोडतो ते घाबरून, असंच मी कोर्टाच्या व्हरांड्यात शिकले होते.

साडेतीन वर्षं तारखा पडल्या. ट्रान्सफॉर्मर, शिवी, ढकलणं, सगळं जसं झालं तसं साक्षीत आलं. जिनदत्त अण्णांनी कोर्टात खोटं सांगितलं नाही, शिवी दिल्याचंही स्वतःहून सांगितलं. निकाल विरुद्ध जाणार हे आमच्या तरुण वकिलाला आधीच कळलं होतं. तो मला म्हणाला, “ताई, पहिलाच गुन्हा आहे. शिक्षेवर विचारतील तेव्हा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, म्हणून अर्ज देतो. कायद्यात सोय आहे. प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहील, घरी राहील, कामावर जाईल.”

मी म्हटलं, “म्हणजे गुन्हा केला म्हणायचं आणि दया मागायची? आपण वरच्या कोर्टात निर्दोष सुटणार आहे.”

“आणि नाही सुटलो तर?”

“तू वकील हायस का ज्योतिषी?”

पोरगा गप्प बसला. माझ्यापुढं पुष्कळ लोक गप्प बसतात, आणि मला वाटायचं की त्यांना पटलं.

न्यायाधीशांनी आकारामला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का. आकारामनं माझ्याकडं बघितलं. आदल्या दिवशी मी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. तो म्हणाला, “मी निर्दोष हाय.” दोन वर्षं सक्तमजुरी. वरच्या कोर्टानंही तीच कायम केली. दसऱ्याच्या आधी तो आत गेला.

पहिल्या भेटीत जाळीपलीकडून त्यानं बायकोची चौकशी केली नाही, माझी तर नाहीच. विचारलं, “सात नंबरच्या चेंबरला आता कोण हाय? तिथला व्हॉल उलटा फिरतुय, सांगा त्येला.” मी हसले. वाटलं, माणूस टिकला.

पुढचं मला बनुबाईकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. आत सकाळी ठरलेल्या वेळात नळाला पाणी, आणि माणसं शंभराच्या वर. आकारामनं पहिल्याच महिन्यात तिथं पाळी लावायला घेतली. कोण आधी, कोण नंतर, म्हाताऱ्यांना पहिलं. कुणीतरी त्याला असं काही समजावलं की त्यानंतर त्यानं पाळी हा शब्द टाकला. काय समजावलं ते त्यानं बायकोला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. त्याच्या डाव्या कानाला आता कमी ऐकू येतं, एवढं आपल्याला दिसतं.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “आकारामतात्या, कसं हाय?” तो खाली बघत म्हणाला, “बरं हाय, साहेब.”

मी म्हटलं, “मी क्रांती.”

“व्हय, साहेब.”

वीस महिन्यांनी सुटला. मी हार घेऊन गेले होते, लाज वाटते सांगायला. त्यानं हार घालून घेतला आणि मी काढ म्हणेपर्यंत काढला नाही. घरी बनुबाईनं ओवाळलं. जेवायला बसला तो ताटाभोवती डावा हात घालून, मान खाली, चार मिनिटांत ताट साफ. मग हात धुवायला उठण्याआधी बनुबाईला विचारलं, “उठू का, साहेब?”

बनुबाई माझ्याकडं वळली. “ताई, तुमी भाषण केलंसा, आनि फेडलं ह्यांनी. एक हंगाम दारं धरली असती तर काय हात झिजलं असतं ह्यांचं? तुमी हुता कोण मधी बोलणाऱ्या?”

मला राग येतो, चटकन येतो, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्या दिवशी आला नाही. यायला जागाच नव्हती.

तो सुटून आल्यावरच्या दोन वर्षांत मला कळलं ते असं. जो माणूस सुभेदाराला थांबवायचा, तो आता डेअरीतल्या पोराला साहेब म्हणतो. विचारल्याशिवाय बाहेर जात नाही. घराबाहेर पडला तर भिंतीच्या कडेनं चालतो. कपडे पिशवीत बांधून उशाला ठेवतो, कपाटात ठेवत नाही. गावात कुणी भांडायला लागलं की तिथंच खाली उकिडवा बसतो आणि तुरुंगातल्यासारखी मोजणीची वाट बघतो. जिनदत्त अण्णांचं कोपर सहा महिन्यांत बसलं, थोडं वाकडं, हात अजून वर जात नाही, पण बसलं. याचं काय मोडलं ते दाखवायला एक्सरे नाही.

मग मी अभ्यास केला. आधी करायचा तो नंतर. आटपाडीकडं खुली वसाहत आहे, तिथं कैदी बायकापोरांसकट राहतात, शेती करतात. मी बघायला गेले होते. पण तिथं पोचायला आधी भिंतीआड वर्षं काढावी लागतात, दोन वर्षांच्या शिक्षेवाल्याला ती काय उपयोगाची! नव्या कायद्यात तुरुंगाऐवजी समाजसेवा अशी शिक्षा आली आहे, पण मोजक्या किरकोळ गुन्ह्यांना. ते सगळं वाचताना एक गोष्ट कळली आणि मी पुस्तक मिटलं. मोठमोठे लोक सभा घेऊन जे शोधतायत, ते एक चार एकरवाला माणूस मोडका हात छातीशी धरून आकारामच्या अंगणात घेऊन आला होता. त्याला मी वेठ म्हणाले.

आकारामला परत कामावर घ्या म्हणून मी भाऊसोंकडं गेले. म्हटलं, त्याला चेंबरवर उभा करा, दुसरं कशानं हा माणूस माणसात येणार नाही. भाऊसोंनी नियमांची चोपडी काढली, चष्मा लावला आणि वाचलं, “कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीस संस्थेत कामावर घेऊ नये.”

“हे कधी घातलं?”

“इसरलासा व्हय?” भाऊसो चष्म्यावरून बघत म्हणाले. “बारा वर्सं झाली. मागच्या चेअरमननं गुंड वॉचमन ठेवला हुता, तवा तुमी संस्थेच्या दारात चार दिवस बसला हुतासा. ‘स्वच्छ कारभार’ म्हणून फलक घिऊन. त्यावेळच्या सभेत घातलं. घ्या की आता स्वच्छ.”

भाऊसोच मग जरा नरमले. “ताई, माजा इरोध न्हाई. पर सभेनं घातलंय, सभेनंच काढाया पायजे.”

शेवटी पुढं आले ते जिनदत्त अण्णाच. एक दिवस सकाळी आकारामच्या घरी गेले, म्हणाले, “आज माझी पाळी हाय. चल.” मी बनुबाईच्या निरोपावरून आले होते, मागं मागं गेले. या वेळी तोंड बंद. अण्णांनी व्हॉलची लोखंडी चावी आकारामच्या हातात दिली. तो चेंबरापाशी उभाच.

“फिरवू का, साहेब?”

“साहेब कोण रं हितं? शिवी दिल्याला जिनदत्त हाय मी.”

“फिरवू का?”

“मला ढकललंस तवा इचारलं हुतंस का?”

आकाराम हसला. तोंड थोडंसंच उघडलं, पण हसला. मग फिरवायला लागला आणि दोन फेऱ्यांवर थांबला. पाणी पाइपात गुरगुरत होतं. आणखी किती उघडायचं हे ज्याला डोळे मिटून कळायचं, तो आमच्या तोंडाकडं बघत उभा. अण्णा ‘उघड’ म्हणाले नाहीत. रानाकडं तोंड करून बसून राहिले. बऱ्याच वेळानं आकारामनं स्वतःहून आणखी अर्धी फेरी दिली. मग लगेच, “चाललं का, साहेब?”

अण्णा मला हळूच म्हणाले, “मी एक हंगाम मागितला हुता, बाई. आता ह्येला माणसात आणायला किती हंगाम लागत्यात बगू.”

तेव्हापासून दर पाळीला दोघं एकत्र जातात. पहिल्या वेळी आकारामनं आठ वेळा विचारलं होतं, मी मोजलं. परवा तीन वेळा. परवाच त्यानं सात नंबरच्या पाइपाला उजवा कान लावला आणि म्हणाला, “हवा हाय.” खरंच हवा होती. पण पुढचं ऐका. नवीन पाटकऱ्यानं तक्रार केली, संस्थेचा नोकर नसलेल्या माणसानं व्हॉलला हात लावायचा नाही अशी नोटीस निघाली. भाऊसोंनी सभेपर्यंत ती दाबून ठेवली आहे, पुढं ठेवता येणार नाही म्हणतात. म्हणजे सभेत तो नियम निघाला नाही तर दुसऱ्या दिवसापासून आकाराम घरात उशाच्या पिशवीशी बसणार. तिथून त्याला परत उठवायला जिनदत्त अण्णांकडं दुसरी कुठली जागा नाही, माझ्याकडं तर नाहीच.

मी नियमांविरुद्ध बोलणारी, तो नियम मीच लावून घेतलेला. सभासद मी नाही, मला मत नाही, आणि त्या गावात मी आजवर जितकं बोलले त्यातलं बरंचसं एका माणसाच्या अंगावर पडलं आहे. म्हणून सभेला मी मागं बसणार, बोलणार नाही.

या लेखाच्या दोनशे बारा प्रती काढून मी स्वतः घरोघरी देणार आहे, तेव्हा तुम्ही त्या संस्थेचे सभासद असाल तर हे तुमच्याच हातात आहे. येत्या सत्तावीस सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता मारुतीच्या पटांगणात या. जिनदत्त अण्णा उठून तो नियम काढायचा ठराव मांडतील. त्यांचा उजवा हात वर जात नाही. तुमचा जातो. तो वर करा.